रेसच्या घोड्याचा फॉर्म आणि त्याची माती कशी वाचायची, नवख्यांसाठी

आमच्या कोल्हापुरात संभाजीनगरच्या बाजूला रेसकोर्स नाका आहे, रिक्षावाल्याला नुसतं रेसकोर्स म्हटलं तरी तो गप तिथंच नेतो, पण माझ्या वयाच्या कुणी तिथं रेसचा घोडा पळताना बघितलेला नाही. आपल्याकडं शर्यत म्हणजे बैलगाडीची, नायतर दिवाळीत पळवलेल्या म्हशी. घोड्यांचा नाद लागला की पुण्याला जायचं, एम्प्रेस गार्डनच्या शेजारचं रेसकोर्स, आणि नाही जमलं तर मोबाईलवर रेस बघायची. मला हा नाद लागून दहाएक वर्षं झाली आणि त्यातली पहिली तीन वर्षं मी निव्वळ आकडे वाचत बसलो होतो हे आधीच सांगून टाकतो.

अक्कल कधी आली ते पण सांगतो. जुलैचा महिना, पुण्यात रात्रभर पाऊस, सकाळी जरा उघडलेलं. माझ्या वहीत एक घोडा लाल पेनानं गोल केलेला, मागच्या तीन रेसमध्ये दोनदा पहिला आणि एकदा दुसरा, अजून काय पाहिजे. सोबत आमचे आबा, म्हणजे वडिलांचे चुलते, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस, त्यांना घोड्यातलं ओ की ठो कळत नाही, नुसते फिरायला म्हणून आलेले. रेस सुटली, माझा घोडा पहिल्या वळणापर्यंत बरा होता आणि मग सरळ रस्त्याला लागल्यावर असा पळायला लागला जणू प्रत्येक पाऊल विचारून टाकतोय, शेवटून दुसरा आला. मी तोंड पाडून बसलो तर आबांनी विचारलं, "ह्यानं आधी कुठं मारली हुती रं?" म्हटलं मुंबईत, जानेवारी-फेब्रुवारीत. आबा म्हणाले, "मग गादीवरचा गडी मातीत उतरवलास की!"

महाराष्ट्र केसरी बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि शेवटी दोन्हीकडचे विजेते भिडतात तेव्हा कुस्ती कशावर आहे ह्यावर सगळ्या पेठेत वाद होतो. पैलवान तोच, ताकद तीच, पण पायाखालचं बदललं की डाव बदलतो. घोड्याचं शंभर टक्के तसंच आहे, फक्त घोडा अर्ध्या टनाच्या आसपासचा असतो आणि ताशी साठ किलोमीटरनं चाललेला असतो, म्हणजे पायाखालच्या फरकाची किंमत अजून जास्त.

आधी आकड्यांची ओळ

रेसबुकात किंवा वेबसाईटवर घोड्याच्या नावाजवळ मागच्या रेसांचे नंबर असतात, समजा ४१-३२०. हे नंबर म्हणजे कितवा आला ते. बहुतेक ठिकाणी डावीकडं जुनं आणि उजवीकडं ताजं, पण काही पुस्तकांत सविस्तर रेकॉर्ड देताना ताजी रेस सगळ्यात वर छापतात, म्हणून तारीख बघितल्याशिवाय वाचायचं नाही (मी महिनाभर उलटं वाचत होतो, हसू नका). मधली रेघ म्हणजे सीझन बदलला. शून्य म्हणजे दहावा किंवा त्याच्याही मागं.

आता हा नंबर बघून लगेच मत करायचं नाही. चौथा आला म्हणजे किती मागं राहून चौथा? रेसमध्ये अंतर लेंथमध्ये मोजतात, एक लेंथ म्हणजे एक घोड्याची लांबी, साधारण अडीच मीटरच्या आत, आणि सेकंदाला पाच ते सहा लेंथ पार होतात. त्याहून कमी अंतर असलं तर नेक, हेड, शॉर्ट हेड असं लिहितात, मान पुढं, डोकं पुढं असं. एक घोडा चौथा आलाय पण पहिल्यापासून दीड लेंथ मागं, दुसरा दुसऱ्या नंबरवर आलाय पण आठ लेंथ मागं, तर माझ्या वहीत चौथ्याला जास्त मार्क. नवीन माणूस नेमका दुसऱ्याला धरतो कारण २ हा आकडा ४ पेक्षा देखणा दिसतो.

जमलं तर त्या रेसचा व्हिडिओ बघायचाच. शेवटचे चारशे मीटर दोनदा बघा, एकदा जिंकणाऱ्याकडं बघून आणि एकदा फक्त आपल्या घोड्याकडं बघून. पुढं भिंत उभी राहिल्यासारखे तीन घोडे आले आणि जॉकीला लगाम ओढायला लागला, किंवा गेट उघडल्यावर घोडा दोन सेकंद तसाच उभा राहिला, किंवा सगळं वळण बाहेरनं मारत आला, ह्यातलं काहीच आकड्यात दिसत नाही. उलट पण असतं, कुणी पुढं पळायलाच नव्हतं म्हणून एखादा आरामात पुढं राहून जिंकला, तर तो १ जरा स्वस्तातला समजायचा.

कुणाबरोबर पळाला आणि पाठीवर किती होतं

घोडं इथंच पेंड खातं, म्हणून जरा सावकाश वाचा.

हँडिकॅप रेस म्हणजे बऱ्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि कमी घोड्यावर कमी, म्हणजे सगळे एका रेषेत यायची शक्यता. प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि त्यावरनं क्लास ठरतो. मुंबई-पुण्याकडं क्लास टू म्हणजे ६० ते ८६, क्लास थ्री म्हणजे ४० ते ६६, क्लास फोर म्हणजे २० ते ४६, असे एकमेकांवर थोडे चढलेले गट असतात. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो वजन. जिंकला की हँडिकॅपर, म्हणजे रेटिंग ठरवणारा माणूस, रेटिंग वाढवतो, हरत राहिला की हळूहळू कमी करतो.

ह्याचा अर्थ काय, तर क्लास फोरमध्ये दोनदा जिंकलेला घोडा वर ढकलला जातो आणि तिथं त्याला वजन कमी मिळतं पण गडी दांडगे मिळतात. आणि वरच्या क्लासमधनं खाली आलेल्याला गडी हलके मिळतात पण पाठीवर ओझं चढतं. लोक म्हणतात "क्लास ड्रॉप हाय, बसतोय बघ आज", आणि वजन बघतच नाहीत. वजनाचं ढोबळ गणित असं की मैलाच्या म्हणजे १६०० मीटरच्या रेसला एक किलो म्हणजे साधारण एक लेंथ, छोट्या रेसला ह्याहून जरा कमी फरक पडतो, लांबच्याला जास्त. हे काय पंचांग नाही, पण मागच्या वेळी अर्ध्या लेंथनं जिंकलेल्यावर ह्यावेळी चार किलो जास्त असलं तर निदान भुवई वर गेली पाहिजे.

जॉकी अप्रेंटिस, म्हणजे अजून शिकाऊ, असला तर त्याला काही किलोची सूट मिळते, ती वजा करून वजन वाचा. चांगल्या हाताच्या अप्रेंटिसची सूट म्हणजे सोनं, आणि कच्च्या हाताची सूट म्हणजे फुकट मिळालेलं नासकं दूध.

लांबी, रजा, सकाळची कसरत

हे भराभर. १००० मीटरवर वाऱ्यासारखा सुटणारा घोडा १६०० ला तसाच पळेल असं नाही, पुण्यात होणारी इंडियन सेंट लेजर २८०० मीटरची असते आणि मुंबईची इंडियन डर्बी २४०० ची, त्या घोड्यांची जातकुळीच वेगळी. मागच्या रेसांची लांबी आणि आजची लांबी शेजारी लिहा, दोनशे मीटरचा फरक चालून जातो, चारशेचा असला तर पुरावा मागायचा. शेवटच्या शंभर मीटरला अंतर कापत येणारा घोडा लांबी वाढली की सुधारतो, आणि पुढं राहून शेवटी दमणारा लांबी कमी झाली की.

रजा म्हणजे मागची रेस कधी झाली. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलैच्या आसपास सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे संपणारा, म्हणजे जुलैतल्या पहिल्या रेसला बरेच घोडे अडीच-तीन महिने रेस न पळता आलेले असतात. त्यांचा फॉर्म म्हणजे फ्रिजमधली कालची भाजी, वाईट नसेल कदाचित पण वास घेतल्याशिवाय ताटात घ्यायची नाही. मी अशा घोड्याची पहिली रेस सोडून देतो, नुसतं बघतो, दुसऱ्या रेसला वहीत घेतो.

वास घ्यायचा तर ट्रॅक वर्क, म्हणजे सकाळच्या कसरतीचे आकडे, वाचायचं. पेपरात किंवा साईटवर "६०० मीटर, ३९ सेकंद, इझी" असं येतं. ३९ सेकंद म्हणजे बरी चाल, पण आकड्यापेक्षा शेवटचा शब्द महत्त्वाचा, इझी म्हणजे जॉकी नुसता बसून होता, पुश्ड किंवा अर्ज्ड म्हणजे हाणत आणला. घोड्याच्या नावापुढं जॉकीच्या जागी आर बी असं असलं तर वर रायडिंग बॉय बसलेला होता, जॉकी नाही. एक मोठी मेख मात्र लक्षात ठेवा, ही कसरत बऱ्याचदा वाळूच्या ट्रॅकवर होते आणि रेस गवतावर, त्यामुळं ट्रॅक वर्कवरनं दम कळतो पण माती कळत नाही. माती कळायला दुसरा रस्ता आहे.

आता माती

इंग्रजीत ह्याला गोइंग म्हणतात, म्हणजे पायाखालचा ट्रॅक किती कडक किंवा किती मऊ. विलायतेत शब्द ठरलेले आहेत, हार्ड, फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. ऑस्ट्रेलियात एक ते दहा नंबर देतात, १ आणि २ फर्म, ३-४ गुड, ५ ते ७ सॉफ्ट, ८ ते १० हेवी. पाठ करत बसू नका, शेताकडं बघा म्हणजे झालं. मे महिन्यातलं भेगा पडलेलं रान म्हणजे हार्ड. वाफशावर आलेलं रान, पेरणी करावी असं, टाच दाबली तर थोडी आत जाते आणि मातीचा गोळा होऊन फुटतो, ते गुड. गगनबावड्याकडं भाताची रोपं लावताना चिखल करतात ते हेवी.

आपल्याकडं पुण्या-मुंबईला पेनेट्रोमीटरचं रीडिंग देतात. एक सळई ठराविक वजनानं जमिनीत ठोकायची आणि किती आत गेली ते मोजायचं, ट्रॅकवर ठिकठिकाणी असं करून सरासरी काढायची. आकडा मोठा म्हणजे जमीन मऊ, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. रोजचा आकडा वहीत लिहीत जा, दोन महिन्यांत कळायला लागतं की ह्या ट्रॅकवर नेहमीचा आकडा कुठला आणि आज तो किती सरकलाय. एका ट्रॅकचा आकडा दुसऱ्या ट्रॅकला तसाच्या तसा चिकटवू नका.

मुंबईचा सीझन कोरडा, पाणी मारून ट्रॅक ठेवलेला, त्यामुळं तिथं एका रेसपासून दुसऱ्या रेसपर्यंत माती फार बदलत नाही आणि खरं सांगायचं तर तिथं मातीचा फार विचार करून डोकं शिणवायची गरज पण नाही. पुणे वेगळं. जुलै-ऑगस्टला पावसात भिजलेला ट्रॅक, सप्टेंबरला कधी ओला कधी बरा, ऑक्टोबरला ऊन पडून घट्ट. एकाच सीझनमध्ये तीन वेगवेगळी मैदानं बघायला मिळतात. म्हणजे माझ्या त्या लाल गोल केलेल्या घोड्याचे तिन्ही आकडे कोरड्या मुंबईतले होते आणि मी त्याला पुण्याच्या जुलैत जिंकायला सांगत होतो.

कुठल्या घोड्याला काय आवडतं हे ओळखायचं कसं? सगळ्यात भरवशाचं म्हणजे त्याच्या जुन्या रेसा काढून प्रत्येकीसमोर माती लिहायची. माती मिळत नसेल तर तारीख आणि टायमिंग बघा, त्या दिवशीच्या सगळ्याच रेसा नेहमीपेक्षा दोन-तीन सेकंद हळू झाल्या असतील तर ट्रॅक मऊ होता असं धरायला हरकत नाही. मग दोन रकाने करा, कोरड्यातले नंबर आणि ओल्यातले नंबर. कधी कधी असा सुंदर फरक दिसतो की अंगावर काटा येतो, कोरड्यात ७, ०, ६ आणि ओल्यात २, १, ३. लोक सगळे आकडे एका ओळीत वाचतात आणि म्हणतात ह्याचा भरवसा नाही. घोडा भरवशाचाच असतो, आपलं वाचणं गबाळं.

पण एका रेसवरनं निकाल देऊ नका. एकदा चिखलात जिंकला म्हणून तो चिखलातला घोडा झाला असं नाही, त्या दिवशी कदाचित बाकीचे सगळे चिखलाला घाबरणारे होते. मी किमान तीन रेसा बघतो, आणि तीन नसतील तर प्रश्नचिन्ह टाकून पुढं जातो. नवखी माणसं दोन टोकांवर असतात, आधी माती अजिबात बघत नाहीत आणि एकदा चटका बसला की प्रत्येक हार मातीवर ढकलतात.

दुसरी खूण पळण्याच्या ढबीत. गुडघा उंच उचलून, टाप आपटत पळणारा घोडा, खूर मोठे आणि पसरट, तो साधारण मऊ जमिनीत बरा, कारण पाय चिखलातनं काढायची त्याला सवयच असते. जमिनीलगत, गवत कापत गेल्यासारखा सरपटत पळणारा कडक जमिनीवर सुंदर दिसतो आणि चिखलात त्याचा पाय अडकतो. हा नियम नाही, अंदाज आहे, पण स्टार्टकडं जाताना घोडे कँटर करत, म्हणजे हलक्या दौडीनं, जातात तेव्हा दुर्बिणीतनं बघा, ज्याला पायाखालचं आवडत नाही तो डोकं वर झटकतो, पाऊल आखडतं टाकतो. माझ्या त्या घोड्यानं हे सगळं मला रेसच्या आधीच दाखवलं होतं, मी त्या वेळी कांदाभजी खात होतो.

तिसरं म्हणजे वळू आणि घोडी, म्हणजे घोड्याचे बाप आणि आई. काही वळूंची पोरं पिढ्यानपिढ्या मऊ जमिनीत चांगली निघतात. पहिल्यांदाच ओल्यात पळणाऱ्या पोरासाठी हे एवढंच हातात असतं. मी ह्याला चार आण्याचंच महत्त्व देतो, आई-बाप पैलवान असले म्हणून पोरगं आखाड्यात उतरतंच असं नाही.

बाहेरचं एक उदाहरण देतो कारण ह्याहून स्वच्छ उदाहरण मिळत नाही. विलायतेत लांब पल्ल्याचे दोन घोडे होते, स्ट्रॅडिव्हेरियस आणि ट्रूशॅन. पहिल्याला बरी, कोरडी जमीन लागायची, दुसऱ्याला ओली. २०२० च्या ऑक्टोबरात अ‍ॅस्कॉटला मऊ जमिनीवर ट्रूशॅन सात-साडेसात लेंथनं जिंकला आणि स्ट्रॅडिव्हेरियस पार मागं राहिला. २०२१ च्या गुडवुड कपला पाऊस पडला तर स्ट्रॅडिव्हेरियसला काढूनच घेतलं आणि ट्रूशॅननं कप नेला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅस्कॉट गोल्ड कपला जमीन कडक म्हणून ट्रूशॅनला त्याच्या माणसांनी पळवलाच नव्हता. मोठ्या रेसच्या दिवशी घोडा परत तबेल्यात नेतात ती माणसं खुळी नसतात.

आणि ह्याची दुसरी बाजू म्हणजे फ्रँकेल. १४ रेसा, १४ विजय, २०११ ची टू थाऊजंड गिनीज सहा लेंथनं, २०१२ ला क्वीन अ‍ॅन अकरा लेंथनं. त्याची शेवटची रेस २०१२ च्या ऑक्टोबरातली चॅम्पियन स्टेक्स, जमीन ओली, आणि समोर सिरस देझेग्ल नावाचा फ्रेंच घोडा ज्याला चिखल म्हणजे घरचं अंगण. फ्रँकेल जिंकला, पण पावणेदोन लेंथनं. म्हणजे खरोखरचा मोठा घोडा मातीला पुरून उरतो, पण अंतर घटतं. आणि आपण क्लास फोरच्या घोड्यांबद्दल बोलतोय हे विसरू नका. ह्यातनं अजून एक शिकायचं, आपल्या घोड्याची माती बघून थांबायचं नाही, समोरच्यांची पण बघायची. आपला ओल्यात बरा आहे, पण समोर तीन जण ओल्यात त्याच्याहून बरे असले तर काय उपयोग.

ओलं आणि चिकट ह्यात फरक आहे

हे मला फार उशिरा कळलं आणि कुणी सांगत पण नाही. पाऊस चालू आहे, वर पाणी आहे, तेव्हा चिखल पातळ असतो, पाय आत जातो पण सुटून बाहेर येतो. पाऊस थांबून चार-सहा तास ऊन पडलं की तीच माती चिकट होते, चप्पल ओढून घेते तशी, आणि असल्या ट्रॅकवर घोडा जास्त दमतो. ऊसात पाणी पाजून दुसऱ्या दिवशी उतरलेल्याला हे पायानं माहीत असतं. म्हणून नुसतं "पाऊस झालाय" हे पुरत नाही, कधी थांबला ते पाहिजे. चिकट दिवशी मी लांबीला घट्ट धरून बसतो, ज्या घोड्याला १४०० जेमतेम झेपतात तो चिकट मातीत १२०० लाच संपतो.

ट्रॅकचीसुद्धा पट्टी-पट्टी वेगळी असते. आतल्या रेलिंगजवळनं सगळे पळून पळून तिथलं गवत उखणतं, पाचव्या-सहाव्या रेसला जॉकी आपणहून बाहेर सरकायला लागतात. ते दिसलं की समजायचं, आणि आतल्या गेटचा ड्रॉ, म्हणजे सुटायची जागा, मिळालेला घोडा मनातनं एक पायरी खाली घ्यायचा. आतली पट्टी वाचवायला क्लब फॉल्स रेल्स लावतात, म्हणजे रेलिंग काही मीटर बाहेर घेतात, ते रेसकार्डात छापलेलं असतं. त्या दिवशी आतली पट्टी ताजी मिळते पण वळणाची लांबी किंचित वाढते, म्हणून त्या दिवसाचं टायमिंग दुसऱ्या दिवसाशी जोडायचं नाही.

एक उदाहरण करून बघू

दोन खोटे घोडे घेऊ, नावं आपल्या सोयीची, तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा. ऑगस्टचा रविवार, पुणे, १४०० मीटर, क्लास थ्री. काल दिवसभर पाऊस.

तांबडा रस्सा: १२१. रेटिंग वाढत वाढत ४४. पांढरा रस्सा: ०६-४. रेटिंग घसरत घसरत ६४. ६६ ला ६२ किलो धरले तर पांढऱ्यावर ६१ आणि तांबड्यावर ५१. दहा किलोचा फरक, आकड्यांची ओळ पण तांबड्याचीच देखणी, बाजार तांबड्याकडं पळणार.

आता खोदून विचारायला सुरुवात करा. तांबड्याच्या तिन्ही रेसा मुंबईतल्या, जानेवारी ते मार्च, १२०० मीटर, क्लास फोर. म्हणजे आज गडी नवे, लांबी नवी, माती नवी, आणि वर पाच महिन्यांची रजा. ५१ किलो हीच काय ती सवलत. पांढऱ्याचा शून्य आणि सहा पण मुंबईच्या कोरड्यातले, क्लास टूमध्ये, पण शेवटचा चौथा नंबर जुलैतला, पुण्यातच, मऊ जमिनीवर, १४०० मीटर, क्लास टू, रेटिंग तेव्हा ६८ म्हणजे पाठीवर ५३ किलो, आणि जिंकणाऱ्यापासून तीन लेंथ मागं. त्याचं रजेनंतरचं पहिलं पळणं झालेलं आहे, ट्रॅक ओळखीचा आहे, गडी आज एक पायरी खालचे. त्याच्या विरुद्ध एकच गोष्ट, ५३ वरनं ६१ किलो, तेही मऊ जमिनीत, जिथं ओझं जरा जास्तच टोचतं.

माझं मत पांढऱ्याकडं, पण डोळे झाकून नाही. त्याच्या जुन्या पानात ६० किलोच्या वर घेऊन बरा पळाल्याची एक तरी रेस सापडली तर नक्की. नाही सापडली तर मी दोघांनाही सोडून तिसरा बघतो, कारण बारा घोड्यांची रेस दोघांतच असते असं कुणी लिहून दिलेलं नाही. आणि "सोडली" असं वहीत लिहायला शिका, मला ते शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसच्या आधी घोडे फिरवतात तिथं, शेवटची नजर टाकायची ती ह्या सगळ्यावर मोहोर मारायला. कातडीला चमक आहे का, मागच्या दोन पायांच्या मधे साबणासारखा फेस आलाय का, चाल मोकळी आहे का. थोडा घाम ठीक, दमट हवेत सगळेच घामेजतात. देखणा घोडा बघून वहीतलं मत बदलायचं नाही, खासबागेच्या कुस्ती मैदानात पण सगळ्यात देखणा पैलवान बऱ्याचदा चितपट झालेला बघितलाय.

पैशाचं एकदाच बोलतो. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, ते खरं, पण कौशल्य यायच्या आधी खिसा रिकामा व्हायला कोर्ट अडवत नाही. वर लावलेल्या रकमेवर जीएसटी २८ टक्के होता तो सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय. पहिला एक अख्खा पुण्याचा सीझन फक्त वहीवर खेळा, रेसच्या आधी पहिल्या तिघांची नावं लिहायची आणि संध्याकाळी लाल पेनानं तपासायची. फोनवर कुणी "आतली टिप" देत असला तर फोन ठेवून द्या.

वही कशी ठेवायची हे विचारतात म्हणून सांगतो, शाळेची दोनशे पानी चालते. एका पानावर एक घोडा, तारीख, ट्रॅक, लांबी, क्लास, वजन, कितवा, किती लेंथ मागं, आणि सगळ्यात शेवटचा रकाना मातीचा. त्यात मी पेनेट्रोमीटरचा आकडा लिहितो आणि शेजारी माझा शब्द, कडक, वाफसा, पातळ, चिकट. आकडा क्लबचा, शब्द माझा.

आणि रेसच्या दिवशी सकाळी साडेसातला पुण्यातल्या आत्तेभावाला फोन. त्याला घोड्यांशी काही देणंघेणं नाही, पण तो हडपसरला राहतो आणि पहाटे उठतो.

"पाऊस हाय काय रं तिकडं?"

"रात्री होता लई. पाचला थांबला. आता ऊन पडलंय कडक."

पहिली रेस दुपारची. मी रात्री शेवटच्या रकान्यात "पातळ" लिहून झोपलेलो, ते खोडलं, "चिकट" लिहिलं, आणि १४०० ला जेमतेम टिकणारे दोन घोडे काटून टाकले.